तुकडा उरला असेल ना?

लग्नात सगळे नवरीचं तोंड बघत असताना जिची नजर नवरीच्या पाठीवरच्या बटणांवर खिळलेली असते, ती बाई तुमच्याही गावात आहेच. आमच्या मंचरला तिला बटणकाकू म्हणतात. अक्षता पडायचा अवकाश, काकू स्टेजवर हजर. आशीर्वाद, पाकीट, आणि लगोलग नवरीच्या आईला, "ताई, ब्लाऊज शिवून तुकडा उरला असेल ना?"

काकूंकडे कापडी बटणं मढवायचं हातयंत्र आहे. बटणाचं माप लाइनमध्ये. ४० लाइनींचा एक इंच, म्हणजे २४ नंबरचं बटण साधारण १५ मिलिमीटरचं. काकूंना माणसंही नंबरावरच लक्षात राहतात. "तो नाही का, ३२ नंबरच्या कोटाचा, त्याची सून!"

बटणाच्या दुप्पट रुंदीचा गोल कातरायचा, साच्यात उलटा घालायचा, वर पत्र्याची टोपी दाबायची, कडा आत मुडपायच्या, मागची चकती ठेवून दांडा खाली ओढायचा. कट्ट! जॉर्जेट असेल तर खाली अस्तराचा गोल हवाच, नाहीतर आतला पत्रा चमकतो. सुती कापड किंचित ओलं केलं की ताणून बसतं. बुट्टी बरोबर मधोमध आली नाही तर काकू बटण उचकटून नव्याने करतात. तोवर गिऱ्हाइकाची घोडेगावची एसटी निघून गेलेली असते. पैसे विचारले की म्हणतात, "पैशाचं राहू दे गं, तुकडा उरला असेल ना?"

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावकरी यात्रेची सुपारी ठरवायला गेले आणि काकू 'सहज' सोबत गेल्या. इकडे पुढारी आकड्यावर अडलेले, तिकडे काकू मागच्या बाजूला नऊवारीचे काठ बोटांनी चाचपतायत. सुपारी फिसकटली, पण काकू हातभर जरीकाठ घेऊन परतल्या. एकदा शेजारच्या उसात बिबट्या पिंजऱ्यात सापडला. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा हिरव्या कापडाने झाकला. अख्खा गाव डरकाळी ऐकत लांब उभा, आणि काकू पुढे. "साहेब, एवढं मोठं कापड आणलंत..." पुढचं वाक्य साहेबांनाही कळलं असावं, गाडी लगेच हलली.

मी एकदा चिडून म्हणालो, "काकू, चिंध्यांसाठी किती जीव टाकाल?"

"बाबू गेनू कापडापायी लॉरीखाली गेला. आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा."

"अहो, १९३० सालची गोष्ट ती! आणि तो विलायती कापड अडवायला गेला होता."

"मग? देशी कापड टाकून द्यायला सांगून गेला का?"

यावर काय बोलणार? तेवढ्यात माझ्या शर्टाची बाही काकूंच्या चिमटीत आलेली होती.

काकूंचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातली बटणं विकायची नाहीत. प्रत्येक बटणाचं घराणं त्यांना पाठ: हे अमकीच्या बारशाचं, हे तमकीच्या शालूचं. त्यात एक विटक्या हिरव्या खणाचं, काकूंच्या आईच्या चोळीचं. माहेर जुन्या आंबेगावचं. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं, कचेरी घोडेगावात. त्या जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. गाव हलवताना भांडी आली, दारं-खिडक्या आल्या, जनावरं आली. चोळी कुणाला आठवणार? काकूंनी ती बोचक्यातून काढली, बाह्या फाटलेल्या, पाठीचा एवढासा भाग धड होता. त्यातून एकच बटण निघालं.

हे कळल्यापासून मी काकूंना टाळत नाही, पण बाही मात्र अजूनही दुमडूनच जातो.

तुम्हाला एवढंच सांगणं: शिंप्याकडून कपडा आणताना उरलेला तुकडा मागून घ्या. घरी आणून टाकून दिलात तरी चालेल, फक्त काकूंना "उरला नाही" असं सांगू नका. त्या शिंप्याकडे जाऊन विचारतात.