किल्ली कोणाच्या खिशात?

चेन्नईजवळच्या शिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करणारी मराठी पोरं सुट्टीच्या दिवशी केळंबाक्कमवरून कोवलमच्या किनाऱ्यावर येतात. लाटा, तळलेले मासे आणि हल्ली क्रिप्टोच्या गप्पा. ‘ब्लॉकचेन हॅक होत नाही’ हे तिथलं छातीठोक वाक्य. मग जुलै २०२४ मध्ये आपल्या मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरून सुमारे २,००० कोटी रुपयांचं क्रिप्टो गेलं कुठून?

ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची वही. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात आणि प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाचा ठसा उमटलेला असतो. जुन्या पानावर खाडाखोड केली, की पुढचा एकही ठसा जुळत नाही. बिटकॉइनची वही ३ जानेवारी २००९ ला उघडली. तिला साधारण दर दहा मिनिटांनी एक पान जोडलं जातं. वही भक्कम आहे, यात वादच नाही.

पण अशा एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर तुम्ही दोन हजारांचं बिटकॉइन घेता, तेव्हा ती खरेदी सहसा या वहीत चढतच नाही. ती चढते कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात. नाणी कंपनीच्या वॉलेटमध्ये, ती हलवण्याची गुप्त किल्लीही कंपनीकडे किंवा तिने नेमलेल्याकडे. तुमच्या हातात उरतो स्क्रीनवरचा आकडा. वझीरएक्सचं वॉलेट फुटलं, वही शाबूत राहिली.

वझीरएक्सवर खातं असलेल्या चेन्नईच्या एका गुंतवणूकदार बाईंची नाणी तर चोरीला गेलेल्या नाण्यांपेक्षा वेगळी, एक्सआरपी. तरी खातं गोठलं आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यावा असा घाट घातला गेला. बाई कोर्टात गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी स्पष्ट सांगितलं: क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याची ठेव जपणाऱ्याला आपला तोटा तिच्यातून भागवता येत नाही, हे कोणीतरी ठणकावून सांगायलाच हवं होतं.

पुण्याने तर याहून वाईट पाहिलंय. ‘गेनबिटकॉइन’ या गुंतवणूक योजनेने १८ महिने दरमहा १० टक्के देण्याचं आमिष दाखवलं आणि हजारो लोक बुडाले. २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक झाली. त्याच तपासात पोलिसांना मदत करणारे दोन तज्ज्ञ २०२२ मध्ये पकडले गेले. आरोप काय, तर आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो वळवल्याचा!

नफ्यावर ३० टक्के कर सरकार घेतं. बँकेतल्या ठेवीला असतं तसं ५ लाखांचं विमासंरक्षण मात्र इथे नाही. तेव्हा पहिला रुपया टाकण्याआधी अ‍ॅपवाल्याला लेखी विचारा: किल्ली कोणाकडे, नाणी माझ्या वॉलेटमध्ये कधी हलवता येतील, आणि चोरी झाली तर भरपाई कोण देणार? किल्ली स्वतःकडे घेणार असाल, तर तिचे परवलीचे शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवा. ते हरवले, तर नवे काढून देणारी शाखा कुठेच नाही.