विमा काढावा की काढू नये: टाइमशेअरच्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

सर्वप्रथम आपल्या घरात टाइमशेअर आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. पुष्कळांना ते ठाऊक नसते. गोदरेजच्या कपाटात एलआयसीच्या पॉलिस्या आणि मुदतठेवींच्या पावत्या यांच्या मधोमध चामड्यासारख्या दिसणाऱ्या पुठ्ठ्याची एक जाड फाइल सापडेल. वर माडाचे झाड, खाली वाळूत हसणारे जोडपे. आत वडिलांची सही आणि तिच्याखाली आईची सही असेल. 'लकी ड्रॉ'मध्ये नंबर लागला म्हणून हॉटेलच्या हॉलमध्ये चहाला बोलावतात, ते नवरा-बायको दोघांनाच; एकट्याने गेल्यास गिफ्ट व्हाउचर मिळत नाही. त्या लांबलेल्या चहानंतर जे पदरात पडले, त्याला टाइमशेअर म्हणतात: पुढची पंचवीस वर्षे, दरवर्षी एक आठवडा, आणि दरवर्षी मेंटेनन्सचे बिल.

या आठवड्याला रंग असतो. जांभळा म्हणजे नाताळ-नववर्षाचा, लाल म्हणजे सुट्ट्यांचा, पांढरा म्हणजे अधलामधला आणि निळा म्हणजे ज्या दिवसांत कोणी कुठे जात नाही तो. आपल्या वडिलांनी निळा घेतलेला आहे. तो स्वस्त होता.

निळ्या आठवड्याचे करायचे काय, या प्रश्नातून एक्स्चेंजचा जन्म झाला. टाइमशेअरची मूळ कल्पना १९६०च्या दशकात युरोपात रुजली, आल्प्समध्ये बर्फावर घसरायला जाणाऱ्यांसाठी. मात्र दरवर्षी त्याच डोंगरावर घसरून माणूस कंटाळतो. म्हणून १९७४ साली अमेरिकेत आरसीआय ही एक्स्चेंज कंपनी निघाली आणि पाठोपाठ १९७६ साली इंटरव्हल इंटरनॅशनल. तुमचा आठवडा आमच्याकडे जमा करा, दुसऱ्याचा घेऊन जा. आपल्याकडे १९८६ साली स्टर्लिंग आणि १९९६ साली महिंद्रा हॉलिडेज आल्यावर हा व्यवहार पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांत पोचला. आता महाबळेश्वरचा ओलाचिंब जुलै जमा करून फुकेतचा समुद्र मागता येतो. मिळतोच असे नाही, पण मागता येतो. तुमच्या आठवड्याला किती वजन, हे रंग, खोलीचा आकार, ठिकाण आणि तुम्ही किती आधी जमा केलात यावर ठरते. त्याला ट्रेडिंग पॉवर म्हणतात. निळ्यावाल्यांनी हा शब्द मोठ्याने उच्चारू नये.

समजा, फुकेत मिळाले. घरात पेढे वाटून झाले. नेमक्या याच क्षणी जावई विचारतो, "ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलात का?" आणि आपला पाठ सुरू होतो.

पायरी पहिली: नेमके काय बुडू शकते, ते मोजावे. यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांना चहाला बोलवावे. संवाद साधारण असा होतो.

"रूमचं भाडं किती भरलंत, वहिनी?"

"काहीच नाही. एक्स्चेंज आहे."

"मग ऐनवेळी जाणं रद्द झालं, तर रूमचं नुकसान किती?"

"अख्खे सात दिवस!"

"सात दिवसांचे रुपये किती?"

इथे घरातली दोघे एकमेकांकडे बघतात. फाइल येते. मेंबरशिपचे पैसे वीस वर्षांपूर्वी गेले. वार्षिक मेंटेनन्स जाणार असलात तरी भरायचा आणि जाणार नसलात तरी भरायचा, म्हणून सहलीचा खर्च म्हणून तो धरत नाहीत. आठवडा तर पैसे देऊन नव्हे, दुसरा आठवडा देऊन घेतलेला. विमा कंपनी भरपाई देते ती आगाऊ भरलेल्या आणि परत न मिळणाऱ्या रुपयांची. पावती दाखवा, पैसे घ्या. हसणाऱ्या जोडप्याची पावती नसते.

म्हणजे पॉलिसीच्या हिशेबात बसणाऱ्या गोष्टी उरतात दोन-तीन: विमानाची तिकिटे, आणि पॉलिसीत तसे लिहिले असेल तर एक्स्चेंज फी. शिवाय रिसॉर्टचे आठवडे बहुधा शनिवार ते शनिवार असतात आणि स्वस्तातले विमान नेमके गुरुवारी पोचते. त्या मधल्या दोन रात्रींचे हॉटेलही धरा. समजा चार तिकिटे मिळून सव्वा लाख. हा सव्वा लाख बुडाला तर घरात किती दिवस अबोला राहील, याचा अंदाज घ्यावा. आठवड्याभरापेक्षा जास्त असेल, तर रद्द होण्याचे कव्हर असलेली पॉलिसी बघायला हरकत नाही.

आणि तो बुडालेला आठवडा? त्याचे औषध विमा कंपनीकडे नसून एक्स्चेंज कंपनीकडेच असते, आणि नवशिके इथेच घसरतात. थोडे जास्त पैसे भरले की रद्द केल्यावर तुमची ट्रेडिंग पॉवर शाबूत ठेवण्याची सोय या कंपन्या विकतात. एरवी प्रवासाची तारीख जितकी जवळ, तितके परत मिळणारे वजन कमी. या सोयीलाही 'प्रोटेक्शन' म्हणतात आणि इन्शुरन्सच्या जाहिरातीतही 'प्रोटेक्शन'च लिहिलेले असते. एकाने आठवडा वाचतो, हॉस्पिटलचे बिल नाही. दुसऱ्याने बिल वाचते, आठवडा नाही. एक घेऊन दुसरे घेतल्याच्या आनंदात विमानात बसलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

पायरी दुसरी: बुकिंग कोणाच्या नावावर आहे ते बघावे. ही पायरी विम्याच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. मेंबरशिप बाबांच्या नावावर, कन्फर्मेशनवर नाव बाबांचे. निघायच्या चार दिवस आधी बाबांची पाठ धरली. बाबा म्हणतात, "तुम्ही जा रे, माझं काय, मी पडून राहतो." बाकीचे तिघे उदार मनाने जातात. रिसेप्शनवरची मुलगी हात जोडून, गोड हसून सांगते की मेंबर सोबत नसेल तर गेस्ट सर्टिफिकेट लागते. ते आधी काढायचे असते आणि त्याची वेगळी फी असते. ती फी पॉलिसीच्या प्रीमियमपेक्षा फार निराळी नसेल, पण पाठदुखीच्या प्रसंगी ती जे काम करते, ते कुठलीही पॉलिसी करीत नाही. ज्या घरात मेंबरचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि फिरायचा उत्साह नातवंडांना आहे, तिथे आधी या कागदाची चौकशी करावी. जावयाला नंतर उत्तर द्यावे.

पायरी तिसरी: सरहद्द ओलांडणार का, ते ठरवावे. देशातल्या देशात एक्स्चेंज असेल, मुन्नारला किंवा मनालीला, तर घरचा मेडिक्लेम तिथेही चालतो. रेल्वेने गेलात तर आयआरसीटीसीच्या तिकिटावर माणशी ४५ पैशांत विमा मिळतो. तो रेल्वे अपघाताचा, अपघाती मृत्यूला १० लाखांपर्यंतचा. गाडी चुकली तर तो तुमच्याकडे बघणारही नाही. त्यात वारसाचे नाव भरायची लिंक मोबाइलवर येते आणि ती आजवर कोणी उघडल्याचे ऐकिवात नाही. उघडावी.

परदेशी जाणार असाल तर प्रश्न आठवड्याचा राहतच नाही. भारतातला आपला मेडिक्लेम बहुधा विमानतळावर टाटा करतो. पुढे मोफत ब्रेकफास्टच्या रांगेत छातीत दुखले, तर पैसे आपले. इथे आम्ही चेष्टा थांबवून सांगतो: परदेशात वैद्यकीय कव्हर घ्यावे, खोली फुकटात मिळाली असली तरी. किंबहुना खोली फुकटात मिळाल्यामुळे घरात जी 'सगळेच फुकटात' अशी हवा पसरलेली असते, तिच्यामुळे तर नक्कीच. युरोपला जाणाऱ्यांनी मात्र फार विचार करू नये. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय कव्हर लागतेच. तुमच्या वतीने विचार वकिलातीने करून ठेवला आहे.

फुकेतला जाणाऱ्यांसाठी एक पोटपायरी. तिथे स्कूटर भाड्याने मिळते, पासपोर्टची झेरॉक्स दिली की किल्ली हातात. भाड्याने देणारा लायसन्स विचारत नाही. विमा कंपनी विचारते, पण नंतर, तुमच्या पायाला प्लास्टर घातल्यावर. तिथे चालणारे लायसन्स नसेल किंवा पोटात बिअर असेल तर क्लेम गेला असे समजावे. पॅराशूट बांधून समुद्रावर उडण्याचा खेळही पॉलिसीत चालतो का, ते उडण्याआधी वाचावे.

पायरी चौथी: फॉर्म भरावा. इथे घरातल्या ज्येष्ठांना फॉर्मपासून चार हात दूर बसवावे. 'मधुमेह आहे का?' या प्रश्नावर बाबांचे उत्तर असते, "तसा नाही, फक्त गोळी घेतो." बीपी? "ते वयानुसार आहे." हे खरे मानून तुम्ही 'नाही' लिहिले, तर प्रीमियम वाचतो आणि पुढे साखर वाढून ॲडमिट झाल्यावर क्लेम नाकारायला कंपनीला तुमच्याच अक्षरातला कागद मिळतो. 'हो' लिहिले तरी आधीपासूनच्या आजारासाठी पुष्कळ पॉलिस्या जिवावर बेतल्यासच, तेही एका मर्यादेपर्यंत देतात. तो आकडा शोधून काढावा. तो शेवटच्या पानांत असतो.

याच पानांत 'निकटचे कुटुंबीय' म्हणजे कोण, तेही लिहिलेले असते. यावर जरा थांबावे. सहल रद्द केल्याचे पैसे ठरावीक कारणांसाठीच मिळतात: स्वतःचा किंवा निकटच्या कुटुंबीयाचा गंभीर आजार, मृत्यू. निकटचे म्हणजे पती-पत्नी, मुले, आई-वडील. कुठे सासू-सासरे, कुठे भावंडे. विमा कंपनीची वंशावळ साधारण इथे संपते. आपली इथे सुरू होते. नागपूरचे चुलतकाका गेले की घराला दहा दिवसांचे सुतक. सुतकात फुकेत? आई ऐकणार नाही आणि कंपनीही ऐकणार नाही. क्लेमच्या कारणात 'सुतक' लिहून पाहणाऱ्याला आमच्या शुभेच्छा. मूळ नक्षत्रावर प्रवास नको, मुलाची परीक्षा पुढे ढकलली, साहेबांनी रजा नाकारली, ही कारणेही बहुधा त्याच टोपलीत जातात. व्हिसा नाकारला गेला तर काही पॉलिस्या देतात, पुष्कळ देत नाहीत, विचारून घ्यावे.

अमेरिकेत या दुखण्यावर उपाय विकतात: 'कुठल्याही कारणाने रद्द' असे वाढीव कव्हर. प्रवासाच्या किमान ४८ तास आधी रद्द केले तर खर्चाच्या ५० ते ७५ टक्के परत. त्यात सुतक बसते, नक्षत्र बसते, नुसता कंटाळाही बसतो. प्रीमियम अर्थातच तगडा. तिकडे एडिसन गावात राहणारा भाचा ऑर्लँडोचा आठवडा एक्स्चेंज करून आत्या-काकांना डिस्ने दाखवणार असेल, तर त्याला एक गोष्ट सांगावी. तिथल्या पुष्कळ पॉलिस्यांत जुन्या आजाराची अट माफ होते, पण सहलीचा पहिला हप्ता भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी काढली तरच. एक्स्चेंजमध्ये पहिला हप्ता कुठला धरणार? मेंबरशिपचा? मेंटेनन्सचा? की एक्स्चेंज फीचा? भाच्याने हे फोनवर विचारू नये, लेखी विचारावे. आत्या-काकांचा विमा मात्र वेगळा. भाच्याच्या पॉलिसीत पाहुणे आपोआप बसत नाहीत.

पायरी पाचवी: कधी काढावा. आपली पद्धत म्हणजे आदल्या रात्री, बॅगांवर बसून चेन लावता लावता, मोबाइलवर. वैद्यकीय कव्हरपुरते हे चालून जाते, ते निघाल्यावरच सुरू होते. रद्द होण्याचे कव्हर मात्र पॉलिसी काढल्यापासून चालू होते. एक्स्चेंज सहा-आठ महिने आधी पक्के झालेले असताना आदल्या रात्री ते घेणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका छापणे. संकट जगजाहीर झाल्यावरही उपयोग नाही. १४ एप्रिल २०१० ला आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेने युरोपची विमाने जवळपास आठवडाभर जमिनीवर बसली. बातम्या बघून मग पॉलिसी काढणाऱ्यांसाठी ते आधीच ठाऊक असलेले संकट होते. वादळाला नाव पडायच्या आत विमा काढावा, असा साधा नियम ठेवावा.

पायरी सहावी: हायजॅक भत्त्याचा मोह टाळावा. विमान पळवले गेल्यास रोज अमुक डॉलर, ही ओळ माहितीपत्रकात हमखास असते आणि घरातली मुले तीच मोठ्याने वाचतात. पॉलिसी तिच्यावरून निवडू नये. त्यापेक्षा बॅग न आल्यास काय करायचे ते पाठ करावे: विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवरून पीआयआर नावाचा कागद घ्यावा. तो नसेल, तर तुमच्या नव्या टूथब्रशचे पैसे कोणी देत नाही. बोर्डिंग पासही सहल संपली म्हणून टाकून देऊ नयेत. क्रेडिट कार्डावर विमा फुकट असल्याचे जावई सांगेल. असेलही, पण अनेकदा तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते, आणि ते जावयाच्याच कार्डावर निघावे असे सुचवून बघावे.

पायरी सातवी आणि शेवटची. पॉलिसी निघाली, प्रिंट काढली, एक प्रत हँडबॅगेत ठेवली. आता परदेशातला मदतीचा फोन नंबर मोबाइलमध्ये घालावा, कारण कॅशलेस हवे असेल तर आणीबाणी सोडून एरवी ॲडमिट होण्याआधी तिथे फोन करावा लागतो. घरात आजारी पडण्याची सर्वांत जास्त शक्यता ज्याची, नेमक्या त्याच्याच मोबाइलमध्ये तो घालू नये. त्यातही बाबांच्या मोबाइलला फिंगरप्रिंट लॉक आहे.