सध्या चालू आहे

माझ्या उशाशी नेहमी दोन पुस्तकं असतात. एक कोणी विचारलं तर सांगायचं आणि दुसरं वाचायचं.

सांगायच्या पुस्तकाची निवड मी फार जोखून करतो. नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 साली आली आणि माझी कायमची सोय झाली. एवढ्या जाड कादंबरीबद्दल ‘चालू आहे’ म्हटलं की ‘अजून?’ असं कोणी विचारत नाही, उलट आदरानं मान हलवतात. घाईच्या प्रसंगी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ बरी पडते. 1939 सालची, पानं थोडी, दबदबा मोठा. ती मी खरोखर वाचली आहे, पण नुसतं ‘वाचली’ म्हटल्यानं कोणावर छाप पडत नाही, म्हणून ‘परत वाचतोय’ असं सांगतो.

वाचायचं पुस्तक बहुधा बाबूराव अर्नाळकरांचं. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे माझ्या उरलेल्या आयुष्याची काळजी मिटली. नाहीतर नारायण धारप. ‘लुचाई’ वाचत होतो त्या रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं होतं. मी उजाडेपर्यंत तहान दाबून पडून राहिलो. आता हे चारचौघांत कसं सांगणार? एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या प्राध्यापकांनी विचारलं, “सध्या काय वाचताय?” मी जिलबी बाजूला सारून गंभीरपणे ‘हिंदू’ म्हणालो. “वा! कुठपर्यंत आलात?” सुसंस्कृत समाजात माणसाला पगार आणि ‘कुठपर्यंत आलात’ हे विचारू नये. मी म्हणालो, “अशा पुस्तकात कुठपर्यंत असं काही नसतं.” ते एकदम गप्प झाले. मठ्ठा येईपर्यंत कळलं, त्यांचीही चालूच होती.

आपल्याकडे वाचनाची सवय काही कालची नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. इतकी वर्षं आपण पुस्तकं घरी नेतो आहोत, पण काय वाचलं ते खरं सांगायचं वळण अजून पडलेलं नाही. खरं बोलतात ते फक्त समास.

वाचनालयाच्या पुस्तकांचे समास हा माझा जीव की प्राण आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू द्या. आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात ‘पुस्तकावर खुणा करू नयेत’ असा शिक्का असतो. एकात त्याच्या खाली कोणीतरी पेन्सिलीनं ‘बरं’ लिहून ठेवलं आहे. शेरे मारणाऱ्यांत सगळ्यात चिकाटीचे ते शुद्धलेखनवाले. पहिल्या पानापासून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत निघतात आणि शेवटच्या पानावर ‘छान’ एवढंच म्हणून लेखकाला माफ करतात. दुसरे नीतिवाले. नायक-नायिका जरा जवळ आले की ‘हे लिहिण्याची गरज होती काय?’ असं विचारतात, आणि नेमकं तेच पान हाताळून हाताळून मऊ पडलेलं असतं. तिसरे उघड उघड समाजकंटक. रहस्यकथेच्या सुरुवातीलाच एका नावाखाली रेघ मारून ‘हाच खुनी’ लिहितात. एका पुस्तकात त्याखाली दुसऱ्या कोणी ‘हा नव्हे, डॉक्टर’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली तिसऱ्यानं ‘पहिले गृहस्थ बरोबर’ असा निकाल दिला होता. हा तंटा कसा सुटतो ते बघायला मी रात्री जागून पुस्तक संपवलं. खुनी भलताच निघाला. तिघांपैकी एकानंही पुस्तक पुरं वाचलेलं नव्हतं. म्हणजे माझी जमात बरीच जुनी आहे.

पण याच समासांच्या नादात एकदा माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हाती आली, 1955 सालची कादंबरी. शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते आणि तरुण मास्तरही निघतो. त्या पानाच्या तळाशी शाळकरी अक्षरात होतं, ‘पुढे पाऊस झाला का?’ खाली निळ्या शाईत, थरथरत्या हातानं, ‘झाला असावा. आमच्याकडे झाला होता.’

ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटली नसणार. त्यांच्यात काही वर्षंही गेली असतील. तिथे कोणाला कोणावर छाप पाडायची नव्हती. एकाला हुरहूर लागली आणि दुसऱ्यानं ती वाया जाऊ दिली नाही. ‘सध्या काय वाचताय’ या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही, आणि मी दिलेलं तर नाहीच.

माझी खरी चिडचिड इथे आहे. आम्ही सगळे एकमेकांना पुस्तकांची नावं सांगतो. ती वाचून झोप उडाली, हसू फुटलं की कंटाळा आला, ते कोणी सांगत नाही. आवडलं का, असं विचारावं तर ‘महत्त्वाचं पुस्तक आहे’ असं उत्तर येतं. जेवण कसं झालं या प्रश्नाला ‘पौष्टिक होतं’ म्हणावं तसं. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलारला 2017 साली पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं मांडली गेली. तिथे जाऊन आलेल्या मित्रांकडून मला स्ट्रॉबेरीची चव बारकाव्यांसह कळली आहे, एका पुस्तकाची कळली असेल तर शपथ. मीही गेलो होतो. कपाटापुढे उभा राहून चष्मा काढून हातात धरलेला माझा फोटो उत्तम आलाय.

तेव्हा एक विनंती. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नका, तो नियम योग्यच आहे. पण मनापासून आवडलेलं एखादं पुस्तक स्वतःच्या पैशानं विकत घ्या, मग ते अर्नाळकरांचं का असेना. जिथे हसलात, घाबरलात, डोळे पुसलेत तिथे समासात खुशाल लिहा आणि ते दुसऱ्याच्या हातात ठेवा. खुनी कोण तेवढं मात्र लिहू नका.