मागच्याला द्या की!

अकलूजमध्ये माणूस एकदा पैलवान झाला की मरेपर्यंत पैलवान. लंगोट ट्रंकेत गेला, गुडघे कुरकुरायला लागले, पोट सदऱ्याबाहेर डोकावलं, तरी चहाच्या टपरीवर "या पैलवान" म्हणत बाकडं पुसलं जातं. 'माजी' हे बिरुद आपण सरपंच-आमदारांसाठी राखून ठेवलंय. त्यांना ते खुपतही नाही, पुढची निवडणूक असतेच.

रग्बीवाल्याची मात्र पंचाईत. भारताकडून रग्बी खेळलो असं कुणी इथल्या चौकात सांगितलं, तर लोक विचारतील, "बरं, पण कामधंदा काय?" राहुल बोसचंच बघा. १९९८ साली भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, त्यात हा गडी होता. देशासाठी अंग ठेचून घेतलं, आणि लोक ओळखतात ते सिनेमातला नट म्हणून.

खरं तर हा खेळ आपल्याला परका वाटायचं कारण नाही. पंधरा-पंधरा गडी, पळत्याला धरून पाडायचं. निम्मी कबड्डी, निम्मी कुस्ती. स्क्रममध्ये, म्हणजे डोकी-खांदे भिडवून रेटताना, घासून घासून रग्बीवाल्याचे कान सुजतात आणि चुरगळून कायमचे गोळा होतात. आपल्या वस्तादांचे कान तरी याहून काय वेगळे?

एकच नियम गळी उतरणं अवघड. चेंडू हातानं पुढं फेकायचा नाही. द्यायचा तर मागून येणाऱ्याला. आपल्याकडं सोसायटी असो की पतसंस्था, चेंडू एकदा छातीशी आला की तो कुणाला द्यायचा, हे थोरला मुलगा हाताशी आल्यावर ठरतं.

बोसनं मात्र नियम पाळला. खेळणं थांबल्यावर २०२१ साली तो राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. मागून येणाऱ्या तर आधीपासूनच पळत होत्या. २०१९ साली भारताच्या मुलींनी सिंगापूरला हरवून पंधराजणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्यांची कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा. ती पेशानं फिजिओथेरपिस्ट, म्हणजे दुसऱ्यांचे गुडघे ताळ्यावर आणणारी.

रग्बीत चेंडू दिल्यावरही पळणं सुटत नाही. ज्याला दिला त्याच्या आसपास राहावं लागतं. तालमीतले वस्ताद तरी दुसरं काय करतात? स्वतःला उकिडवं बसवत नाही, पण पहाटे हौद्याच्या काठावर खुर्ची टाकून पोरांवर खेकसतात, "आरं, पट काढ की! बघतोस काय?" पोरगं पट काढतं, आणि घाम वस्तादांना फुटतो.