गुंठ्याचा भाव

निसर्गात जायचं ते शांततेसाठी, असं आमच्या साडूभाऊंचं मत आहे. पुण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत ते हेच सांगत होते, न थांबता.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका 2017 पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं त्यांच्या हातात आणि माहितीही त्यांच्याच तोंडून. म्हणजे साडूंच्या आवडीची दोन्ही पदं आधीच भरलेली. तरी त्यांनी वल्हं मागून घेतलंच. होडी जागच्या जागी प्रदक्षिणा घालू लागली. ताई शांतपणे म्हणाल्या, “काका, वल्हा पाण्यात मारूचा. वाऱ्यार नाय.”

वल्हं परत गेलं आणि आम्ही आत शिरलो. ताईंनी तिवराचं पान चाटायला दिलं. हे झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. डॉक्टरांनी मीठ तोडलेल्या साडूंनी लगेच दुसरं पान मागितलं. पुढे कांदळ. त्याचं बी झाडावरच रुजतं, तिथेच हातभर वाढतं आणि मग चिखलात उडी घेतं. मुलगा नोकरीला लागेपर्यंत घराबाहेर न सोडणाऱ्या आईबापांसारखं. पांढऱ्या चिपीला 2020 साली ‘राज्य कांदळवृक्षा’चा मान मिळाला, हे कळताच साडूंनी तिला नमस्कार केला. सरकारदरबारी वजन असलेल्यांशी ते जपून वागतात.

मग वाट अरुंद झाली. समोरच्या फांदीवर खंड्या बसलेला. ताईंनी वल्हं थांबवलं. कोणी श्वासही घेईना.

“इकडे गुंठ्याचा काय भाव चाललाय हो?” साडू.

शहरी मराठी माणसाला एखादी जागा मनापासून आवडली, हे ओळखायची ही एकच खूण आहे. खंड्या उडाला. ताई म्हणाल्या, “हयसर गुंठो खयचो, काका? चिखल आसा. उतरा आनी मोजून बघा.”

कांदळवन तोडायला हायकोर्टाची बंदी आहे, भोवतीच्या 50 मीटरांतही बांधकाम चालत नाही, हे मी समजावलं. साडूंचे डोळे चमकले. “म्हणजे एक्कावन्नाव्या मीटरवर घेतलं, तर समोरचा व्ह्यू कायमचा!”

तुम्ही जाणार असाल, तर भरतीची वेळ आधी विचारून घ्या. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, अष्टमीला सहा. आणि बरोबर साडू असलेच, तर त्यांना वल्ह्यापासून लांब बसवा.