मोजपट्टीवाल्या मूर्खांची स्तुती

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली आणि पढतमूर्खांसाठी वेगळा समास राखला. त्या काळी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) लागत नव्हते, म्हणून मूर्खांची एक जात यादीतून राहून गेली: तयार रॅम्पला टेप लावणारा मूर्ख. ही स्तुती त्याची आहे आणि ती मनापासून आहे.

हा मूर्ख कुठल्याही साइटवर भेटतो. जोते रस्त्यापासून ४५ सेंटीमीटर उंच आहे, पंधरा-पंधराच्या तीन पायऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्या शेजारी रॅम्प ओतायचा आहे. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी, म्हणजे ५.४ मीटर. पण कंपाउंडच्या भिंतीपर्यंत तेवढी जागा दिली, तर पार्किंगची एक गाडी जाते. मग ठेकेदार १.८ मीटरमध्ये उतार बसवतो, वर चकचकीत ग्रॅनाइट लावतो आणि फोटो काढतो. तेवढ्यात कुणी तरुण इंजिनिअर टेप उलगडते.

"मॅडम, रॅम्प आहे ना? ओसीला एवढं पुरतं."

"हा एकास चार झालाय."

"अहो, वॉचमन आहे की. दोघं धरून चढवतील."

"आणि वॉचमन जेवायला गेल्यावर?"

या प्रश्नावर साइटवरचे सगळे एकमेकांकडे बघतात. मॅडमना व्यवहार कळत नाही, हे तिथेच ठरते.

मॅडमना कळते ते एवढेच. माणूस आणि व्हीलचेअर मिळून ९० किलो धरले, तर १:१२ च्या उतारावर सुमारे साडेसात किलोचा जोर लावावा लागतो. १:४ वर तो बावीस किलोंच्या आसपास जातो, आणि तोही चाकांवर ठेवलेल्या दोन हातांनी, शेवटपर्यंत न थांबता. मध्येच हात सुटला तर खुर्ची मागे येते. पावसात ग्रॅनाइट ओले असेल, तर तो रॅम्प नसून घसरगुंडी असते. म्हणून नियमात रॅम्पची रुंदी आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे, घसरणार नाही असा पृष्ठभाग आहे आणि वर-खाली सपाट टप्पा आहे. खुर्चीला वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते. दाराची चौकट नव्हे, तर उघडलेल्या दारातली मोकळी वाट ९० सेंटीमीटर हवी. व्यवहारी माणसाला हे आकडे कागदावरचे वाटतात. मूर्खाला प्रत्येक आकड्यामागे एक माणूस दिसतो.

शहाण्यांनी कायदाही मोठ्या समजूतदारपणे वाचला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही मिळत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत फक्त सरकारी कचेऱ्या नाहीत, लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही आहेत. म्हणजे दवाखाना, बँक, नाट्यगृह, मंगल कार्यालय. हे सगळे वाचून शहाणा म्हणतो, "बघू, रंगकाम काढू तेव्हा." मूर्ख मात्र कायद्यात 'देता येणार नाही' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ 'देता येणार नाही' असाच घेतो.

असे मूर्ख कोर्टातही जातात. राजीव रतुरी यांना स्वतःला दिसत नाही. त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. रस्ते, वाहतूक आणि इमारती अपंगांना वापरता याव्यात, एवढीच मागणी होती. २०१७ मध्ये न्यायालयाने सविस्तर निर्देश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात मूळ दुखण्यावर बोट ठेवले. कायदा सक्तीची भाषा बोलत होता आणि त्याखालचा नियम १५(१) सगळे काही मार्गदर्शक सूचनांवर सोडून देत होता. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत वेगळे काढायला केंद्र सरकारला सांगितले. याचिका ते निकाल, एकोणीस वर्षे. एवढ्या काळात व्यवहारी माणूस दुसऱ्या कामाला लागला असता.

मूर्खांची पुढची खूण म्हणजे ते कुलपाची किल्ली मागतात. कितीतरी नव्या इमारतींत व्हीलचेअरचे चित्र लावलेले स्वच्छतागृह असते. दार उघडले, की आत झाडू, फिनेलचे कॅन, मोडकी खुर्ची आणि जुन्या फाइलींचे गठ्ठे. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई दुसऱ्या मजल्यावर. आधाराचा दांडा भिंतीला आहे, पण त्यावर पोछा वाळत घातलेला. तपासणीच्या दिवशी ही खोली रिकामी होती, म्हणून दाखला मिळाला. शहाणा दाखला बघतो. मूर्ख म्हणतो, "मला आत्ता जायचं आहे." या एका वाक्यापुढे सगळे नियम, सगळे नकाशे आणि सगळे शिक्के खरे की खोटे ते कळते.

मला या मूर्खांचा अभिमान वाटतो, कारण सुगम्यता 'बऱ्यापैकी' असू शकत नाही. बारा पायऱ्यांपैकी अकरा काढल्या आणि एक ठेवली, तर व्हीलचेअरसाठी इमारत अजूनही बंदच आहे. पालिकेच्या दारात रॅम्प आहे पण लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुटते. लिफ्ट आहे पण बटणे हात पोचणार नाहीत इतकी उंच आहेत. बटणे खाली आहेत पण ब्रेल नाही आणि मजला सांगणारा आवाजही नाही. साखळीतला प्रत्येक जण म्हणतो, "माझ्याकडून झालंय." २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत म्हातारपणी गुडघे गेलेले, पाय प्लास्टरमध्ये असलेले आणि बाबागाडी ढकलणारे मोजलेलेच नाहीत.

खर्चाचे म्हणाल, तर नकाशावर रेघ सरकवायला काही लागत नाही. दार ९० सेंटीमीटरचे आधीच काढले, तर चौकट थोडी मोठी, बस. तेच नंतर करायचे म्हणजे भिंत फोडा, लिंटेल बदला, फरशी उचला, भाडेकरू हलवा. जुन्या इमारतीत फेरबदल करताना हा खर्च येतोच, आणि म्हणूनच नूतनीकरणाच्या वेळी, भिंती उघड्या असतानाच, तो एकदाच करायचा असतो. ती संधी सोडून फॉल्स सीलिंग आणि नवी पाटी लावणाऱ्यांना सोसायटीत दूरदर्शी म्हणतात.

जपानमध्ये सेइइची मियाके नावाच्या अशाच एका मूर्खाने १९६५ मध्ये अंधांसाठी उंचवट्यांची फरशी तयार केली. त्यात स्वतःचे पैसे घातले. १९६७ मध्ये ती ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर बसली. आज तीच पिवळी फरशी आपल्या मेट्रो स्थानकांत आहे: सरळ पट्टे म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. आपल्या फुटपाथवर मात्र ती पट्टी कधी झाडाच्या बुंध्याला, तर कधी विजेच्या डीपीला जाऊन भिडते, कारण बसवणाऱ्याने ती फरशी म्हणून बसवली, वाट म्हणून नाही. डोळे मिटून दहा पावले चालून बघणारा एक मूर्ख त्या कामावर असता, तर हे झाले नसते.

असे मूर्ख वाढले पाहिजेत. नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर एक हवा, साइटवर एक हवा आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत तर दोन हवेत, म्हणजे एकाला गप्प बसवले तरी दुसरा उठेल. त्याला विशेष शिक्षण लागत नाही. जोत्याची उंची विचारायची, बाराने गुणायची आणि रॅम्प तेवढा लांब आहे का ते बघायचे. नसेल, तर काँक्रीट ओतण्याआधी लेखी हरकत घ्यायची आणि पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.