पहिली उचल

आप्पांनी साखर सोडली त्याला दोन वर्षं होत आली. तारीख मला सांगता येणार नाही, पण शिराळ्यात कुणीही सांगेल, कारण आप्पांनी ती एकट्यानं सोडली नाही. स्टँडसमोरच्या टपरीवर पोऱ्यानं नेहमीचा चहा पुढं केला, तेव्हा आप्पांनी सभेत हरकत घेतात तसा हात वर केला. "बिनसाखरेचा. आजपास्नं साखर बंद." बाकावरची सातआठ माणसं वळली. एकानं पेपर खाली ठेवला. आप्पा दोन मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. आपण काय करून बसलो हे लोकांना कळायला वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्या गावात माणसानं साखर सोडली तर ती त्याच्या तब्येतीची बाब. आमच्याकडं ती घरभेदीपणात जमा होते. तालुक्यातच चिखलीला विश्वास कारखाना, इस्लामपूरच्या अंगाला राजारामबापू (तो ज्या गावात आहे त्याचं नावच साखराळे), कऱ्हाडकडं रेठऱ्याला कृष्णा आणि वारणा ओलांडली की वारणानगर. हंगामात कुठल्याही दिशेला तोंड करून उभं राहा, धुराडं दिसलं नाही तरी मळीचा वास येतोच. आप्पांचा स्वतःचा साडेतीन एकर ऊस. पोरीचं लग्न उसावर, पोराचं इंजिनिअरिंग उसावर, माळवदाच्या जागी स्लॅब पडला तो उसावर. पोटावर जे चढलं तेही उसावरच.

"आप्पा, सगळ्यांनी तुमच्यागत केलं तर साखर घ्यायची कुणी?" मी विचारलं.

"मास्तर, मी खायची सोडलीया, पिकवायची न्हाय. तंबाकू पिकवणारा समदी तंबाकू सोताच खातोय व्हय?"

याला उत्तर नव्हतं. आप्पा स्वतः तंबाखू खातात, हे उत्तर झालं असतं. पण डबी त्यांच्या हातात होती आणि माझीही बोटं त्याच डबीत होती.

मुळात डॉक्टरांनी "साखर सोडा" असं म्हटलंच नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून गेले होते. वजन भरलं ८५ किलो, उंची बेताची. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, साखर कमी करा. पण 'कमी' हा शब्द आप्पांच्या कोशात नाही. ते वाद घालतात किंवा बोलणं बंद करतात. पाणी पाजतात किंवा मोटार बंद ठेवतात. साखरही एक तर असते, नाही तर नसते.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात ते जिंकले. मी गणिताचा मास्तर, मला राहवेना, मी हिशेब मांडला. दिवसाला सात कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा. म्हणजे ७० ग्रॅम साखर नुसती चहातून, जवळजवळ २८० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. आप्पांचा हा कोटा टपरी, सोसायटी आणि पानपट्टी या तीन ठिकाणच्या चहात, सकाळी दहाच्या आत संपायचा. साखर गेली तसा चहा कडू लागायला लागला, सातावरून तीन कपांवर आला. तीन कपांबरोबर खारी तीनदाच खाल्ली जायची. महिनाभरात दीड किलो उतरलं. आप्पांनी विजारीची नाडी गावभर दाखवली.

त्याच महिन्यात स्टँडजवळ गुळाच्या चहाचा गाडा लागला.

गुळाबद्दल आमच्या भागात वाईट बोलायची सोय नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ ज्याचं लहानपण गेलं, ढवळणीला चिकटलेला गरम गूळ ज्यानं बोटं भाजून घेत खाल्ला, त्याच्या लेखी गूळ हा गोड पदार्थच नव्हे. तो औषध, प्रसाद आणि बालपण यांच्या मधे कुठं तरी बसतो. आप्पा गुळाच्या चहावर आले आणि पुन्हा सातावर गेले. मग आठवर, कारण गुळाचा चहा पित्ताला बरा. जेवणात भाकरीबरोबर काकवी आली, कारण तिच्यात लोह असतं. दुपारी शेंगदाण्याचा लाडू आला, कारण गांधीजी शेंगदाणे खायचे. लिंबूपाण्यात मध आला. आणि रविवारी वारणेचं श्रीखंड आलं, ते मात्र दुधाच्या खात्यावर पडलं. साखर एका दारानं गेली होती. आप्पांनी बाकीची दारं उघडून ठेवली आणि येणाऱ्याला नाव विचारलं नाही.

मी एक दिवस हैदराबादच्या पोषण संस्थेचा जुना तक्ता घेऊन गेलो. १०० ग्रॅम साखरेत ३९८ उष्मांक, गुळात ३८३.

"बघा," आप्पा म्हणाले, "कमी हायत का न्हाईत?"

"पंधरा कमी आहेत, आप्पा. शंभर ग्रॅममागं पंधरा."

"पंधरा तर पंधरा. टनाला पंधरा रुपयं कमी दिलं तर आमी रस्त्यावर बसतोय. पंधरा म्हंजी गंमत वाटली काय?"

त्या नागपंचमीला त्यांनी मला घरी बोलावलं. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून घराघरांत पुरणाची दिंडं उकडतात. आप्पांच्या ताटात पाच होती. वर तूप. "तळल्यालं न्हाय, साखर न्हाय, वाफंवर केल्यालं," ते म्हणाले. "शेरातली लोकं याला डायट म्हणत्यात." मी नुसता बघत राहिलो, तेव्हा त्यांनी शास्त्रार्थ मांडला. "मास्तर, कोर्टानं जित्त्या नागाची मिरवणूक बंद केली. शिराळ्यानं काय केलं? प्रतिमा पुजली. सण मोडला न्हाय, कायदाबी मोडला न्हाय. आता मला सांगा, साखर हा जित्ता नाग, आन् गूळ..." इथं सहावं दिंड आलं आणि सिद्धांत अर्धा राहिला. तो पूर्ण झाला नाही हे बरं झालं. प्रतिमेला विष नसतं, ही त्यातली अडचण मला दिसत होती. आप्पांच्या बायकोला, म्हणजे काकींनाही, दिसत असावी, कारण त्यांनी सातवं दिंड ताटाच्या वर आणलं आणि परत नेलं.

काकींबद्दल दोन शब्द. या प्रकरणात त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही. त्या आधी एक चहा करायच्या; आता तीन करतात: सुनेचा साखरेचा, आप्पांचा गुळाचा, स्वतःचा उरेल तो.

दिवाळीच्या तोंडाला सभासदांची सवलतीची साखर सुटली, तेव्हा रांगेत आप्पा पुढून चौथे होते. हातात पिशवी, खिशात कार्ड. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही सोडली ना?

"साखर सोडली. हक्क सोडला न्हाय."

ती साखर घरात पडून राहिली असं समजू नका. सवलतीची वस्तू वाया घालवणं पाप. तिच्या करंज्या झाल्या, शंकरपाळ्या झाल्या, आणि दिवाळीचं फराळाचं हे आप्पांच्या मते 'खाणं' नसून 'रीत' आहे.

याच सुमारास मला न्यूझीलंडची एक गोष्ट सापडली. ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी जगभरच्या प्रयोगांची मोट बांधून २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात छापलं होतं. मोठ्या माणसांनी साखर कमी केली आणि बाकी भुकेप्रमाणं खाल्लं, तर वजन सरासरी ८०० ग्रॅम उतरलं. पण साखरेच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचं दुसरं पिठूळ काही खाल्लं, तर वजन हललं नाही. मला वाटलं, हे आप्पांना वाचून दाखवलं की दिंडांचा प्रश्न सुटेल.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आटशे गरम?"

"सरासरी."

त्यांनी पायातली वहाण काढली, हातात तोलली. कोल्हापुरी, चांगली जाड तळव्याची. "जोडी आटशे भरंल. यासाठनं न्यूझीलंडला कशाला जायचं? काटा बगायचा असंल तर पायताण काढून चढायचं."

मला वाटलं, हे बोलण्यातलं बोलणं. पण आप्पा आयुष्यभर ऊस घालत आलेत, आणि ऊस घालणाऱ्या माणसाचा कुठल्याच काट्यावर विश्वास नसतो. त्याच्या मते काटा ही वस्तूच शेतकऱ्याविरुद्ध जन्माला आलेली आहे: आपण घालतो तेव्हा कमी दाखवते, आपण विकत घेतो तेव्हा जास्त. तेव्हा दवाखान्यातला काटा आपल्या बाजूनं बोलेल, हे आप्पांना कधीच पटलेलं नव्हतं. एका आठवड्यात त्यांनी तीन काटे पडताळले. दवाखान्यातला, खताच्या दुकानातला आणि स्टँडवरचा नाणं टाकायचा, जो वजनाबरोबर भविष्यही देतो. तिन्ही वेगळे निघाले. त्यातल्या त्यात खताच्या दुकानातला आप्पांना 'सज्जन' वाटला, कारण तो दीड किलो कमी दाखवत होता. पण डॉक्टर त्याचा आकडा धरायला तयार नव्हते.

गेल्या सोमवारी तपासणी होती. मी बरोबर होतो. काट्याजवळ आप्पांनी वहाणा काढल्या. मग टोपी काढली. मग किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, तंबाखूची डबी, चुन्याची डबी, पैशाचं पाकीट, वरच्या खिशातला पावत्यांचा गठ्ठा, सगळं एकेक करून माझ्या ओंजळीत. कंपाउंडर बघत राहिला. आप्पा चढले. काटा थरथरला, थांबला. ८४ किलो ४००.

"चौऱ्याऐंशी चारशे," कंपाउंडर म्हणाला.

"वजावट धरा," आप्पा म्हणाले.

"कसली?"

"पाचटाची. मशीननं तोडल्याला ऊस घातला तर कारखाना पाचट वजा करतोय का न्हाय? मग ही विजार, बनियन, सदरा, हे काय माजं वजन हाय? पाचटच की."

कंपाउंडर तालुक्यातलाच होता, त्याच्याही घरी ऊस असणार. त्यानं वाद घातला नाही. आप्पा खाली उतरले, माझ्या ओंजळीतून एकेक वस्तू परत खिशात घातली आणि जागचे हलले नाहीत.

"पावती?"

काट्यावर गेलेला माणूस पावतीशिवाय परत येत नसतो. कंपाउंडरनं गोळ्यांच्या चिठ्ठीच्या पाठीमागं आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली. आप्पांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली, चार घड्या घातल्या आणि उसाच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात नीट मधोमध खोचली.

दोन वर्षं, आणि उतरले ते ६०० ग्रॅम. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही पयली उचल हाय, मास्तर. अंतिम दर दिवाळीला."